खिरीची वाटी

शुक्रवार, १४ ऑगस्ट २०१५, सेंगकांग

अजून डोकं तापलेलंच आहे. आनंदच्या ऑफिसातला लेमायान, केनियाचा मासाई, आज जेवायला आला होता. मटण मनापासून खाल्लं, पण खिरीची वाटी हळूच बाजूला सारली. म्हणाला, "मटण खाल्लं की त्या दिवशी दूध नाही. आमची रीत आहे."

लगेच आमचे नवरोबा सरसावले, "ही तर ज्यूंची जुनी रीत! त्यांनीच शिकवली असणार तुम्हाला."

तो नुसता हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का? आफ्रिकेतल्या आयांना स्वतःचं डोकं नसतं? सगळं उसनंच?

ती वाटी अजून ओट्यावर तशीच आहे.

आणि परवा सुरमई खाल्ल्यावर याच आनंदने दुधाचा ग्लास परत केला होता. "माशांवर दूध नको. आई ओरडायची."

सासूबाईंना कोणत्या ज्यूने शिकवलं होतं?