हा बघ, आलाच माथा

आई,

आज एकटीने सायकलवर तुझ्या गावची खिंड चढले. लेसोथोचं बोचरं वारं समोरून, रस्ताभर गोटे, पाण्याची बाटली रिकामी. घोंगडी पांघरलेल्या एका मेंढपाळाला विचारलं, “बाबा, माथा किती लांब?”

“हा बघ, आलाच पोरी!”

दमलेल्याला खरं अंतर सांगायचं नाही, ही आपली रीत. पुढचे चार तास त्याला शिव्या घालत सायकल ढकलली.

सहा वर्षांच्या मला मावशीच्या दारात सोडताना तूही म्हणालीस, “ही बघ, आलेच!” त्याला वीस वर्षं झाली.

घरी पोचले, तर तू अंथरुणाला खिळलेली. मी निघताना माझा हात धरून विचारलंस, “पुन्हा कधी येशील?”

“ही बघ, आलेच!” म्हटलं.

हे पत्र टाकणार नाही. आता तूही बस वाट बघत.

केनेवे