बोलणं की डेटा

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशीच बोलायचं आहे. कंपनीत सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी एकटा बाई म्हणायचो, कारण आठवीत शाळा सुटल्यावर मला शिकवलं ते तुम्हीच. पावणे गावच्या त्या कारखान्यातली तुमची टेलिफोनची खोली आठवते. आमची जमीन कारखान्यासाठी गेली म्हणून मला तिथे नोकरी मिळाली होती. पहिल्याच दिवशी तुम्ही हसून म्हणालात, "तुमच्या गावात सगळे एवढे मोठ्याने बोलतात, तुम्हाला फोन हवाच कशाला?" मी म्हणालो, "खाडीचा वारा हाय ना बाई, हलू बोललेलं पोचत नाय."

डिजिटल लाइन आली तेव्हा माझी झोप उडाली होती. तुम्ही चहा पिता पिता समजावलंत की तारांच्या एकाच जोडीतून तीन वाटा जातात, दोन मोठ्या, एक बारीक. बारकीतून फक्त निरोप जातो, कोण फोन करतंय, कुणाला हवाय, कुणी ठेवला. मोठीतून काय जाणार ते मात्र आधी सांगावं लागतं, बोलणं की डेटा. मी कॉम्प्युटरची लाइन बोलण्यावर लावून ठेवली आणि दुसऱ्या ऑफिसात ड्रॉइंगच्या जागी कचरा पोचला. तुम्ही येता, सेटिंग बघता, मग माझ्याकडे बघता. मला वाटतं, गेली नोकरी. तुम्ही म्हणता, "अरे, बोलणं सांगितलं की मधली यंत्रं त्यात हात घालतात. शांत जागा काढून टाकतात, आवाज आवळतात. चालतं, कारण ऐकणारा माणूस असतो, गळलेलं तो भरून घेतो. डेटाला कुणी हात लावायचा नाही. पलीकडचं यंत्र मनाने काही भरत नाही. परत असं करू नकोस."

गेल्या वर्षी बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. हात थोडा सुधारला, बोलणं तुटकच राहिलं. शब्दाची सुरुवात येते, शेवट येत नाही. मी भरून घेतो. "पा" म्हणाली की पाणी देतो. एकदा तिने पेला ढकलला, तिचा पाय दुखत होता. तेव्हापासून मला तिच्या प्रत्येक अक्षराची धास्ती वाटते.

रविवारी मुलगी तिला न्यायला करंजाड्याहून आली. तिच्याकडे लिफ्ट आहे, व्यायाम करून घेणारी बाई खालीच राहते. आमच्या खांदेश्वरच्या घराला जिने. पण तिच्याकडे सासू-सासरे असतात, जागा एकाचीच आहे, मला नाही. ती विचारते, "आई, येशील ना माझ्याकडं?" बायको बराच वेळ तोंड हलवते, मग म्हणते, "घरा..."

"बघा, माझ्या घरी म्हणते!"

"नाय गो, घरातच ऱ्हायचं म्हनते. हितंच."

"बाबा, तुमी मधी बोलू नका ना. तिला बोलू द्या. किती टेन्शन देता!"

"तिचं बोलनं मला नाय कलनार तर कोनाला?"

मुलीने आईच्या केसांवरून हात फिरवला आणि आणलेली रिकामी बॅग घेऊन एकटीच जिना उतरली. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला येते म्हणाली.

ऐकणारा चुकीचं भरत असेल तर काय करायचं, हे मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं. हा कागद टाकायला पत्ता नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच लिहितो. मी "हितंच" म्हणालो तेव्हा तिचे ओठ अजून हलत होते. पुढचं अक्षर येत होतं. ते मला दिसलं, म्हणून मी घाई केली. आज सकाळपासून ती दोनदा "घरा" म्हणाली. दोन्ही वेळा मी गॅस बंद आहे का बघायला आत गेलो.