फ्रिजवर आलेला आळ

ती. दादाला धाकट्याचा वाकून नमस्कार (डावा हात आधी टेकवून, कारण पुढे येईल).

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तुला अजून शिडीवर चढू देते का? आठ महिने आपण बोललो नाही, त्यामुळे चौकशी साठली आहे, सगळी एकदम केली असं समज. आणि पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

मी तुला फोनवर म्हणालो होतो की तू घातलेली माझ्या घरातली वायरिंग गळते, फ्रिजला टेकलं की करंट बसतो, आणि तू जन्मभर लोकांच्या घरात वायरी नाही, सुतळ्या घातल्यास. (सुतळ्यांचं वाक्य आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, कबूल करतो.) तू फोन आपटलास, ते बरोबरच केलंस. पण खरंच दादा, फ्रिजला उजवा दंड टेकला की करंगळीपर्यंत सण्णकन झटका! टेस्टर पेटेना. म्हणजे टेस्टर खराब. असे तीन टेस्टर फेकले. हिने फ्रिजला चक्क मिठी मारून दाखवली, तर मी म्हटलं, तुझ्या चपला रबरी आहेत. तिने चपला काढल्या. मी म्हटलं, तुझं अंगच निबर. (पुढचे दोन दिवस स्वयंपाक मी केला.) मग अंगणात खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, पाच भिंती फोडल्या, शेवटी फ्रिज बदलला. नव्या फ्रिजलाही करंट! तेव्हा तर माझी खात्रीच पटली, दोष तुझाच.

गेल्या महिन्यात भर दुपारी मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातला आणि फ्रिजला टेकलो. पुन्हा झटका! ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता कुठून आला?" तीस वर्षं वायरिंगचा धंदा केलेला मी, फ्यूज खिशातच आहे ना ते चाचपून बघितलं. मग तिने उठून माझ्या दंडाच्या आतल्या बाजूची गाठ अंगठ्याने दाबली (बोराएवढी होती तेव्हा चरबीची आहे म्हणून मी सोडून दिली होती, आता लिंबाएवढी झाली आहे) आणि मी थेट ओट्यावर आदळलो. गळती सापडली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी (वयाने तुझ्या मुलीएवढ्या) एमआरआय केला, सुईने तुकडा काढून तपासला. नसेच्या आवरणात उठलेली गाठ आहे, कॅन्सरची. फार क्वचित होते म्हणे, लाखात एखाद्याला. आई 'लाखात एक' म्हणायची ती तुला, पण नंबर बघ कुणाचा लागला! छातीचा स्कॅन स्वच्छ आहे, म्हणजे पसरलेली नाही. मी विचारलं, वरचं इन्शुलेशन सोलून आतली तार ठेवता येईल का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, भोवतालचं चांगलं मांसही काढावं लागेल, आणि बहुतेक नसेचा तेवढा तुकडाही. पायाची नस काढून जोड देऊन बघू, पण बोटांत पहिल्यासारखा जोर येईल असं सांगता येत नाही. मी म्हटलं, जोडाची खात्री आम्हीपण देत नाही. एवढं ऐटीत बोललो, आणि परत येताना बसमध्ये खिशातली पक्कड काढून घरापर्यंत उघडत-मिटत बसलो.

दादा, मला भीती वाटते. मरणाची थोडी, हाताची फार. या हाताला पक्कड धरायला तू शिकवलंस. वहिनीला नमस्कार सांग, आणि हे सगळं तिला जरा बेताने सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. फ्रिजची माफी मागून झाली, तुझी राहिली होती. तुझ्या वायरिंगमध्ये एकही जोड सैल निघाला नाही. पाच भिंती फोडून बघितल्यात, तेव्हा हे अधिकाराने सांगतो. मी चुकलो.

आणखी एक. ऑपरेशन नऊ तारखेला आहे. घरभर वायरी लोंबतायत, ही बिचारी टॉर्च लावून स्वयंपाक करते. एका हाताने मला काही ते जोडता यायचं नाही. चार दिवस आधी आलास तर बरं होईल.

शेवटचं. वरचं खोटं आहे. वायरी मी परवाच सगळ्या जोडल्या, उजव्या हाताने. म्हटलं, आहे तोवर वापरून घ्यावा. दारावरची बेल तेवढी सोडून ठेवली आहे, तुला यायला काहीतरी निमित्त हवं म्हणून. आलास की दार ठोठाव. मी दाराजवळच बसलेला असेन.