मधल्या फुलातली फट

माय, मी पट्टी घेतली. साठ अंशांची. तुला हसू येईल, जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढून रिटायर झालेली बाई एका पट्टीसाठी जामबागेतल्या दुकानात अर्धा तास उभी होती. त्रिकोण कापायच्या दोन पट्ट्या होत्या, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या. दुकानदार म्हणाला, “अम्मा, साठ का लेओ. छे तुकड्यां में फूल पूरा होता. पैंतालीस का लिये तो आठ लगते.” मला कोन शिकवतोय! तरी ऐकून घेतलं, कारण काम तुझ्या नातीचं आहे. तिला सातवा महिना लागलाय. आधीची दोन पोटातच गेली, ते तुझ्या माघारी झालं, तुला ठाऊक नाही. या बाळासाठी दुपटं शिवतेय, तुझ्या वाकळेसारखं, त्रिकोणांच्या फुलांचं.

नऊ फुलं आहेत. आठ बिनबोभाट बसली. मधलं बसत नाही. सहा तुकडे टोकाला टोक लावून ठेवले की बोटभर फट उरते. उसवलं, नवे कापले, पुन्हा तेच. शेवटी तुकडे पिशवीत घालून परत जामबागेत गेले. दुकानदाराने काचेवर सहाही मांडले. फूल मिटलं, सुई जाणार नाही असं. “बराबर तो है अम्मा. तुमारे घर की हवा लगती होंगी कपड़े कू.” मीही हसले. विद्यानगरला घरी येऊन तेच तुकडे टेबलावर मांडले, तर फट. दुपारचे तीन वाजलेले, पंखा बंद, खाली भाजीवाला ओरडतोय आणि मी पट्टी लावून कोन पुन्हा पुन्हा मोजतेय. पोरगी म्हणते, “मम्मी, इत्तं टेन्शन कायकू घेती? दिसली फट तर दिसली.” तिला काय सांगू? ती फट माझ्या ओळखीची आहे.

मी सातवीत आहे. तू नुमाइशीच्या प्रदर्शनातून आणलेली नवी कंपासपेटी आहे आणि माझ्या अंगात गणित संचारलंय. दिसेल त्याचा कोन मोजायचा. तू डब्याच्या झाकणाचा पत्रा कापून त्यावर त्रिकोण आखायचीस, आणि मला तुझ्या पत्र्याची लाज वाटायची. एकदा तुझ्या वाकळेची फुलं मोजत बसले. सगळ्यांत सहा तुकडे, मधल्यात सात. सातवा पिवळ्या मलमलीचा, दाटीवाटीने बसवलेला. मी म्हटलं, “माय, हे चुकलंय. फुलात सहाच बसतात.” तू वर न बघता म्हणालीस, “गिनू नगं.” बस, एवढंच. तू कामाला गेलीस आणि मी ब्लेडने मधलं फूल उसवलं. कोनमापक लावून साठ अंशांचे सहा तुकडे कापले, शिवून मिटवले. काय ऐट होती माझी! पिवळा तुकडा कंपासपेटीत ठेवला, तुला चूक समजावून द्यायला.

तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू त्या फुलावरून तळवा फिरवलास आणि विचारलंस, “पिवळा कुठाय?” तुझा आवाज असा काही लागला, की मी म्हणाले, “फेकला.” तू म्हणालीस, “तुझ्या आदीच्या लेकराच्या झबल्याचा हुता त्यो. तिला आता कुठं निजवू मी?” मला मोठी बहीण होती, हे मला त्या दिवशी कळलं. मग तू गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगात हात घालून शोधत राहिलीस आणि मी दारात उभी. परत आल्यावर हात धुताना म्हणालीस, “जागा न्हाई भेटली, की लेकरू जागा हुडकत फिरतं.” ती वाकळ तू पुन्हा कधी पांघरली नाहीस.

अंगारे-धुपारे करणाऱ्यांना तूच दारातून हाकलायचीस. बुद्धवंदना सोडून आपल्या घरात दुसरं काही नव्हतं. मीही असलं काही मानत नाही. पण माय, मी घाबरलेय. माझ्या पोरीची दोन लेकरं गेली, तेव्हा त्यांच्या जागेवर कोण येऊन निजलं होतं, असं भलतंसलतं मनात येतं आणि जेवण जात नाही.

आज सकाळी माळ्यावरून कंपासपेटी काढली. गंजून घट्ट बसलेली, कालथ्याने उघडावी लागली. तुकडा तिथेच होता. रंग जरासुद्धा उतरलेला नाही. फटीवर ठेवला, तर बसला. कात्रीसुद्धा लावावी लागली नाही. हाताला उबदार लागत होता, आणि पेटी तर इतकी वर्षं अंधारात. मी शिवून टाकला. शेवटचा टाका घालताना तोंडातून आपोआप गेलं, “निज आता.” तेवढ्यात आतून पोरगी म्हणाली, “मम्मी, सुबह से लाथा मारत होतं, आत्ता एकदम झोपलं बघ.” मी धावत गेले. तिच्या पोटावर हात ठेवून बसले ती बसलेच. बऱ्याच वेळाने बाळ हललं. एकदा. मग हळूच दुसऱ्या बाजूनेही काहीतरी हललं. डॉक्टरांनी एकच बाळ सांगितलंय.

हे पत्र दुपट्याच्या घडीतच राहील. पोरीला मराठी धड वाचता येत नाही, ते एक बरं आहे. तू कचऱ्यात शोधत होतीस तेव्हा पेटी माझ्या दप्तरात होती, माय. चार पावलांवर. भीतीने गप्प बसले असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. तुकडा दिला असता तर तू तो परत शिवला असतास, आणि माझं फूल चुकलं असतं.