लाल दोरा बांधलेला दोडका तोडल्याबाबत

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
नगरपालिका उद्यान विभाग.

विषय : माझा वाफा शेजारच्या काकूंच्या वाफ्यापासून लांब हलवून मिळणेबाबत.
संदर्भ : सामायिक बागेतील वाफा क्र. ७ (माझा) व क्र. ८ (त्यांचा).

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळविते की, मी नववीत असले तरी हा अर्ज माझा मीच लिहिला आहे. बाबांनी "कशाला वाढवतेस?" एवढीच मदत केली.

१. यंदा फळमाशीने माझ्या वेलाचे सगळे दोडके नासवले. एकच वाचला, तोही मी त्याला शाळेचा जुना मोजा चढवला म्हणून. हे बी मी पाचवीपासून राखत आले आहे. तो दोडका बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्यायचा, म्हणून देठाला लाल दोरा बांधला. दोरा असलेल्या फळाला हात लावायचा नसतो, हे मला काकूंनीच शिकवलं.

२. परवा संध्याकाळी काकूंनी वाटीभर भाजी पाठवली. मी दोनदा वाढून घेतली आणि "काकूंच्या हाताला काय चव आहे!" असंही बोलून गेले. सकाळी गॅलरीत आले, तर काकूंच्या दोरीवर माझा मोजा वाळत होता. स्वच्छ धुतलेला. बागेत धावले. देठ कापलेला, दोरा मांडवाच्या काठीला नीट गुंडाळून ठेवलेला.

३. जाब विचारला असता काकू म्हणाल्या, "अगं, अचानक पाहुणे टपकले, घरात भाजीचं पान नव्हतं. तुझा म्हणजे आपलाच ना गं! बी काय, पाकिटात मिळतं." महोदय, पाकिटातलं बी बेभरवशाचं, असं मला इतकी वर्षं बजावणाऱ्या त्याच. माशीचा मला राग आला नाही. माशीला मी कधी काकू म्हटलं नव्हतं.

४. तरी मला कोपऱ्यातील, निवृत्त बँडमास्तरांशेजारचा रिकामा वाफा मिळावा. ते कोणाशीच बोलत नाहीत, ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

५. तथापि हा बदल काकूंच्या वालाच्या शेंगा उतरल्यावरच करावा. त्यांचा वेल माझ्या मांडवावर आहे, वर त्यांचा हात पोचत नाही आणि डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर चढायला मनाई केली आहे. शेंगा मी काढून देईन. बोलणार मात्र नाही. त्यातल्या एका शेंगेला त्यांनी लाल दोरा बांधला आहे. तिला मी हात लावणार नाही.

आपली नम्र आणि फसवली गेलेली,
(सही)
वाफा क्र. ७
दिनांक : सोमवार, शाळा सुटल्यावर

सोबत :
१. लाल दोरा.
२. मोजा, डावा (काकूंनी घडी घालून दिलेला).
३. काकूंची वाटी, घासलेली. कृपया कार्यालयामार्फत परत करावी.