पंपाचा कागद

पिंपळगाव रेणुकाई,
२ जानेवारी २०२५

चि. साधनास, दादाचे आशीर्वाद.

इकडं सगळे बरे. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, अन् आपला छोटा ट्रॅक्टर म्हातारपणी नखरे करून राह्यला. रविवारी तू उघडून पाहून गेल्तीस, पण तोंडी सांगितलेलं ध्यानात राहत न्हाई. मिस्तरी म्हणतो पंप गेला, म्हणूनच लिफ्टवर उचललेला रोटाव्हेटर खाली बसतो. आधी पंपाचं लिही, मंग बाकीचं. मिलच्या एवढाल्या मशिनी सांभाळतेस, भावासाठी दोन कागद खराब कर.

राग मिस्तरीवर काढ, आमच्यावर माया राहू दे.

माऊली

जालना,
५ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याला रोज शेक द्या.

पंप गेलेला नाही. तेल गरम असतानाही रोटाव्हेटर पूर्ण उचलला गेला, हे मी पाहिलं. तो खाली बसतो इंजिन बंद केल्यावर. तेव्हा पंप चालतच नाही, म्हणजे दोष त्याचा नाही. लिफ्टच्या सिलिंडरमधलं सील झिजलं आहे, ते बदल. तेल दुधासारखं झालं आहे, म्हणजे त्यात पाणी शिरलं आहे. तेल आणि फिल्टर दोन्ही बदल. इंजिन आणि गिअर चांगले आहेत. एवढं केलंस तर ट्रॅक्टर अजून बरीच वर्षं चालेल.

हा दुसरा कागद फक्त पीटीओसाठी, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टसाठी. लीव्हर बंद केला तरी तो शाफ्ट फिरतो, कारण त्याचा क्लच पूर्ण सुटत नाही. काही अडकलं तर रोटाव्हेटर थांबल्यासारखा दिसेल. अडकलेलं काढलं की त्याच क्षणी फिरेल. क्लच दुरुस्त होईपर्यंत रोटाव्हेटर चालवू नकोस. इंजिन बंद करून चावी खिशात घातल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. तू हसशील म्हणून पुन्हा लिहिते: चावी खिशात.

आईला नमस्कार. आहे ती माया कमी होऊ नये.

साधना

पिंपळगाव रेणुकाई,
१४ जानेवारी

चि. साधनास, आशीर्वाद.

सील, तेल, फिल्टर बदललं. लिफ्ट आता बिलकुल बसत न्हाई. मिस्तरीचं तोंड पाहण्यासारखं झाल्तं. आपण मोठा ट्रॅक्टर घेतोय, म्हणून छोटा टेंभुर्णीला देऊन टाकला. कोणाला ते भेटल्यावर सांगीन, खूश होशील. तिळगूळ आईनं ठेवलाय, मुंग्यांच्या आधी ये.

माऊली

टेंभुर्णी,
६ फेब्रुवारी

साधनास नमस्कार.

अक्षर माझ्या जावेचं, शालूचं आहे. मी सांगून राह्यले, ती लिहून राह्यली.

तुमचा ट्रॅक्टर आम्ही घेतला, हे तुला ठाऊक असंल. ह्यांचं मन नव्हतं. मंग माऊलीदादानं तुझा कागद दाखवला. खाली सही नव्हती, पण दहावीपर्यंत एका बाकावर बसून तुझ्या वह्या उतरवल्या, तुझं अक्षर मला कळणार न्हाई का? मीच ह्यांना म्हणले, साधनानं चांगला आहे म्हणून लिहिलंय, जल्दी घ्या.

सोमवारी रोटाव्हेटरात कपाशीच्या पऱ्हाट्या गुंतल्या. मी लीव्हर बंद केला, रोटाव्हेटर थांबला. पऱ्हाट्या ओढल्या अन् तो फिरला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. माऊलीदादा म्हणतो, बाईमाणसानं ट्रॅक्टरवर बसावंच कशाला.

एकच विचारते. हे असं होतं, ते तुला ठाऊक होतं का?

आधी उत्तर दे, मायेचं मागून पाहू.

दैवशाला

जालना,
१२ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

रविवारी टेंभुर्णीला जाऊन आले. दैवशालाला सांगितलं, हो, ठाऊक होतं. मग दुसऱ्या कागदाची प्रत तिला दिली. मिलमधल्या सवयीने मी तपासणीच्या प्रत्येक कागदाचा फोटो ठेवते. तिने तो वाचला, बद्रीनाथांकडे, तिच्या नवऱ्याकडे दिला आणि शालूला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. चहा मी प्यायले.

पहिल्या कागदावर एकही शब्द खोटा नाही, असं तू आईला म्हणालास. बरोबर आहे, सगळे शब्द माझेच आहेत. धोका आधी लिहायचा, हे मला शिकवलेलं आहे. तू पंपाचं आधी विचारलंस म्हणून मी पंपाचं आधी लिहिलं. तुझ्या चौदा तारखेच्या पत्रात क्लचचा उल्लेख नव्हता, हेही मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. माझ्या वाट्याचं एवढं. बाकीचं तुझं.

बद्रीनाथ पोलिसांत जाणार आहेत. मला विचारलं तर दोन्ही कागद तुला एकाच पाकिटात पाठवले, असं सांगेन. भावाविरुद्ध लिहून देऊ नकोस, असं आई फोनवर म्हणाली. तिला सांग, मी भावाविरुद्ध काही लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते भावासाठीच होतं.

त्यांचा भुईमूग पेरायचा राहिला आहे. येत्या रविवारी मी त्यांच्या शेतात क्लच खोलणार आहे. मोठ्या पान्ह्यांचा डबा तुझ्याकडे आहे. तो न्यायला बद्रीनाथ येतील. डबा त्यांच्याकडे दे. तू येऊ नकोस.

साधना