दहा पावलांचा निरोप

प्रिय टिटवे,

फोनवरच बोलले असते, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, शाळेपासून नाही. नणंद तू नंतर झालीस, मैत्रीण आधी, म्हणून एवढं सुनावायचा हक्क मला आहे. शिवाय घरात फोन कुठेही घेतला तरी तुझ्या दादाला ऐकू जातो. आज बुधवार आहे. शनिवारपर्यंत पत्र तुझ्या हातात पडेल.

येत्या मंगळवारी अकरा वाजता मला घटस्फोटाच्या वकीलबाईंकडे जायचं आहे, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्या मदतनीस मुलीने फोनवर यादी सांगितली. लग्नाचा दाखला, दोन फोटो, घराची कागदपत्रं, आणि लग्नापासून आजपर्यंत काय काय झालं त्याची तारीखवार हकीकत. 'भावना नकोत, घटना लिहा,' असं ती दोनदा म्हणाली. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच काम. प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याच्या बाटल्यांवर तारीख, वेळ आणि जागाच लिहिते मी. पण दाखला कुठे ठेवलाय हे फक्त आईंना माहीत होतं, आणि आईंना जाऊन साडेतीन महिने झाले. दोन दिवस कपाटं उपसली. शेवटी सापडला तो त्यांच्या औषधांच्या डब्यात, गोळ्यांच्या पाकिटांखाली, चार घड्या घालून. घडीवर फाटलाय. तो डबा मी अजून टाकलेला नाही, पण ही घटना नव्हे, म्हणून लिहिली नाही.

आमच्या घरची रीत तू दोन-चार दिवसांसाठी यायचीस तेव्हा पाहिली आहेस आणि हसलीही आहेस. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्या मधोमध आईंची खुर्ची. मी म्हणायचे, 'आई, ह्याला सांगा, गॅस संपलाय.' हा समोरच उभा. ऐकलेलं असायचं. तरी आई म्हणेपर्यंत हलायचा नाही. मग हा म्हणायचा, 'हिला सांग, नंबर लावलाय.' 'मी काय टपाल कचेरी आहे?' असं आई करवादायच्या, पण एखाद्या दिवशी कोणाचाच निरोप नसला तर स्वतःच विचारायच्या, 'आज काही नाही का?' नऊ वर्षं आम्ही असा संसार केला. रोज एका ताटलीत फळं कापून खाल्ली आणि एकमेकांशी एक सरळ वाक्य बोललो नाही. आई गेल्या आणि घरात आवाजच उरला नाही. एका संध्याकाळी हा रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, 'आई, हिला सांग, दूध नासलंय.' हा उठला आणि न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास बसला. मी दार वाजवलं नाही. पाणी फुकट चाललंय याचाच राग येत राहिला. मला आईंसाठी धड रडताही येत नाही, दर वेळी मधे हा येतो. दुसऱ्याच दिवशी मी वकीलबाईंचा नंबर मिळवला.

याची सुरुवात तुला अर्धीच माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी मला दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. तुझ्या दादाने मला न विचारता माझ्या साहेबांना फोन करून कळवलं की आईची तब्येत बरी नसते, हिला जमणार नाही. आई तेव्हा तीन जिने चढून यायच्या. मी बोलणं बंद केलं. दोन महिन्यांनी एका रविवारी आई स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'तो म्हणतोय, चुकलं माझं. तोंडाने नाही म्हणणार, बापावर गेलाय. पण म्हणतोय हो.' मी माफ करून टाकलं. फक्त त्याने एकदा स्वतः म्हणावं एवढीच वाट बघत राहिले.

तर हकीकत पाच पानं झाली. सोमवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर ठेवून मी अंघोळीला गेले, ही माझी चूक. ज्या माणसाने तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, त्याच्यासमोर लिहिलेला कागद उघडा टाकू नये. मी बाहेर येईपर्यंत पाचही पानं लाल झाली होती. दोन तारखा खरोखरच चुकल्या होत्या, त्याचा जास्त संताप आला. समासात लिहिलं होतं, 'इथे एक घटना राहिली. हिने माझ्या प्रुफांचा गठ्ठा बादलीत बुडवला.' बुडवला होता. तीनशे पानं होती. ते भावनांमध्ये धरलं जाईल असं मला वाटलं होतं. आणि जिथे मी 'त्याने आईंमार्फत माफी मागितली' असं लिहिलं होतं, तिथे काट मारून, 'चूक. माफी हिने मागितली. आईने सांगितलं. मी लगेच माफ केलं.'

लगेच माफ केलं म्हणे. मी ओल्या केसांनी तशीच पुढच्या खोलीत गेले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यालाच विचारलं, 'आईंनी कधी सांगितलं?' म्हणाला, 'रविवारी. दुपारी.' तोच रविवार. टिटवे, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत दहा पावलं आहेत, मी मोजली. तुझी आई एक माफी मला देऊन निघाली आणि दहा पावलांवर दुसरी त्याला देऊन आली. दोन्ही तिच्या स्वतःच्या. मग आम्ही भांडलो, चाळीस मिनिटं, समोरासमोर. मला कामावर उशीर झाला. मंगळवारची वेळ मी रद्द केलेली नाही.

आणि काल तुझा फोन आला. 'दादा म्हणतोय, त्याचं चुकलं.' रात्रभर मी हेच घोळवत बसले की हे तो म्हणाला, की तू म्हणालीस. तू आईंचीच मुलगी. मला खरं काय ते सांगू नकोस, मी पुन्हा विश्वास ठेवीन. एवढ्यासाठीच हे पत्र. तो तुला विचारेल, ती काय म्हणते. त्याला काही सांगू नकोस. 'तिलाच विचार' असंसुद्धा नको, तोही निरोपच झाला. तो पुढच्या खोलीत बसलाय, मी स्वयंपाकघरात लिहिते आहे. मधली खुर्ची मी आज सकाळी गॅलरीत नेऊन ठेवली. मंगळवारी अकराला अजून सहा दिवस आहेत आणि वाट मोकळी आहे.

तुझीच,
आधीपासूनची मैत्रीण आणि मंगळवारपर्यंत तरी वहिनी